चुकीमागचं डोकं

लिहायला घाबरणाऱ्या विद्यार्थ्याशी आधी गोड बोला, कौतुक करा, असा सल्ला सर्रास मिळतो. मिना शॉनेसी यांच्या ‘एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स’ (१९७७) या पुस्तकात गोडवा फारसा नाही. आहेत त्या चुका, पानोपानी. तरी शिकवणाऱ्याचं आणि भित्र्या विद्यार्थ्याचं कसं जुळतं हे मला इथेच सगळ्यात नीट कळलं.

१९७० मध्ये न्यू यॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने शहरातल्या हायस्कूल पास झालेल्या सगळ्यांना दारं उघडली. कृष्णवर्णीय, प्वेर्तो रिकन, कामगारांच्या घरातली मुलं आली. त्यांचे निबंध वाचून ‘ही कॉलेजच्या लायकीचीच नाहीत’ म्हणणारेही होते. शॉनेसी तिथल्याच सिटी कॉलेजात शिकवत. त्यांनी १९७० ते १९७४ मधले सुमारे ४,००० निबंध वाचले आणि एकच प्रश्न लावून धरला: या मुलाने असं का लिहिलं असेल?

भूतकाळाचा ‘ईडी’ गाळणारा मुलगा घरी बोलतात तसं लिहीत असतो. त्यावरून बोलणी खाल्ली की तो नको तिथेही ‘ईडी’ चिकटवतो. हा आळस नव्हे, तो नियम शोधतोय. वाक्य अर्ध्यात सोडून भलतीकडे वळणाऱ्याकडे विचार नसतात असंही नाही. पुढचा शब्द चुकेल ही धास्ती असते. (आपल्याकडे ‘पानी’ लिहिणाऱ्या पोराची वही लाल करण्याआधी त्याच्या घरी काय म्हणतात, हे किती मास्तर विचारतात?)

घाबरलेल्या पोराला खोटं कौतुक लगेच ओळखू येतं. ‘छान लिहिलंयस’ ऐकून तो वही मिटतो. ‘इथे तू तो कालचा नियम लावलास ना?’ म्हटलं की मान वर करतो. कुणीतरी त्याचं खरंच वाचलेलं असतं.

तरी एक गोष्ट खटकते. मिन-झान लू यांनी १९९१ मध्ये आक्षेप घेतला, की शॉनेसी भाषेला आशयापासून सुटं काढतात. प्रमाण इंग्रजी शिकताना मुलाची आतून जी ओढाताण होते ती बाजूला राहते. मला हे पटतं. भीती फक्त चुकण्याची नसते. बरोबर लिहायला लागलो तर आपल्याच माणसांना परके होऊ, हीसुद्धा असते. आणि ती निबंधाच्या तुकड्यात दिसत नाही. शॉनेसींच्या पानांवर मुलं बहुतेकदा अशा तुकड्यांतूनच भेटतात. आपल्यासमोर मात्र अख्खं पोर बसलेलं असतं. त्याला विचारता येतं: हेच तू आईला कसं सांगशील?