तळीरामाच्या उशाशी

'एकच प्याला'त तळीराम मरणाला टेकलेला असतो आणि त्याच्या उशाशी डॉक्टर आणि वैद्य एकमेकांच्या विद्येची लक्तरे काढत बसलेले असतात. रोग्याकडे कोणाचे लक्ष नाही. कोटीवर कोटी होते आणि प्रेक्षागृहात हशा उसळतो. रोगी मात्र खरोखरच मरायला टेकला आहे, आणि ज्या दारूवर गेले दोन-तीन अंक सगळे हसले तिनेच त्याला तिथे आणून टाकले आहे. हसता हसता प्रेक्षकाच्या हे ध्यानात आले तर हसू घशातच अडकायला हवे. बहुतेक प्रयोगांत ते अडकत नाही. नट लाफ्टर घेतो, प्रवेश पुढे सरकतो.

गडकऱ्यांनी या नाटकाचे नायकपद सुधाकरला दिले. बुद्धिमान, मानी वकील, सनद काही काळ रद्द झाल्याचा अपमान सोसेना म्हणून प्याला हाती घेतो आणि शेवटी त्याच प्याल्यात विष कालवून पितो. शोकात्मिकेच्या नायकाला लागते ते सगळे त्याच्याकडे आहे. तरीही भाषेने निवड केली ती तळीरामाची. 'सुधाकर' हे नाव आजही साधे विशेषनामच आहे, 'तळीराम' मात्र सामान्यनाम झाले. आर्य मदिरा मंडळाचा हा आधारस्तंभ, सुधाकरचा कारकून, स्वतःच्या व्यसनाला तत्त्वज्ञानाची झूल चढवून मिरवणारा. 1919 साली रंगभूमीवर आलेले हे पात्र शंभर वर्षांनंतरही वृत्तपत्रांच्या मथळ्यांत झिंगत असते.

मग नायक कोण? प्रश्न वाटतो तितका खोडसाळ नाही.

संस्कृत नाटकाने ही अडचण फार पूर्वी सोडवून, खरे तर टाळून ठेवली होती. दुःख नायकाला आणि हसू विदूषकाला, अशी ती वाटणी. दुष्यंताला माढव्य, चारुदत्ताला मैत्रेय. नायकाचा विरह जड होऊ लागला की विदूषकाने मोदकाची आठवण काढावी. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये पुण्यात 'संगीत शाकुंतल' उभे केले आणि देवलांनी 'मृच्छकटिक' मराठीत आणले, तेव्हा पदांबरोबर ही श्रमविभागणीही मराठी रंगभूमीच्या घरात आली. पुढच्या संगीत नाटकांत विनोदी जोडी, विसरभोळा, भित्रा, खादाड असे हक्काचे मानकरी ठरून गेले. नायकाने गायचे, रडायचे, पण हसे करून घ्यायचे नाही.

युरोपात हा बांध आधी फुटला. प्लाउटसच्या 'अँफिट्रिओ' या लॅटिन नाटकाच्या प्रास्ताविकात देव मर्क्युरी प्रेक्षकांना सांगतो, की यात देवही आहेत आणि गुलामही, तेव्हा याला दोन्हींचे मिश्रण म्हणू. शोकसुखात्मिका हा शब्दच मुळात असा थट्टेत जन्मला. पुढे सर्व्हान्टिसने 1605 मध्ये ला मांचाचा वृद्ध हिडाल्गो पवनचक्क्यांवर घातला. त्याच्यासोबत सांचो आहे, म्हणजे विदूषकाची जागा भरलेली आहे, पण हसे होते ते खुद्द डॉन किहोतेचे. 1615 च्या दुसऱ्या भागात तो शुद्धीवर येतो आणि मरतो. त्याचा वेडेपणा गेला याचे दुःख वाटावे, ही सर्व्हान्टिसची करामत. चेखवने 'चेरी ऑर्चर्ड'ला कॉमेडी म्हटले आणि स्तानिस्लावस्कीने 1904 मध्ये मॉस्कोत तिला अश्रूंत भिजवले. हे भांडण अजून मिटलेले नाही. बेकेटने तर 'गोदो'च्या इंग्रजी आवृत्तीवर दोन अंकी शोकसुखात्मिका असे छापूनच टाकले.

मराठीत बांधाला पहिली चीर पाडली देवलांनी. 'संगीत शारदा' (1899) हे जरठ-बालाविवाहाविरुद्धचे नाटक म्हणून अभ्यासक्रमात शिकवले जाते आणि त्यात भुजंगनाथ खलनायक ठरतो. पण नाटक नीट वाचले तर दिसतो एक म्हातारा, ज्याला भद्रेश्वर दीक्षित नावाचा दलाल तारुण्य विकतो आहे. आपण अजून तरणेबांड आहोत हे ऐकायला तो आतुर आहे आणि ते ऐकवण्याचे तो पैसे मोजतो आहे. त्याची हाव किळसवाणी आहे, त्याचा एकटेपणाही खरा आहे. देवलांनी दोन्ही एकाच अंगरख्यात कोंबले. सामाजिक प्रश्नाच्या भारात नटांनी आणि समीक्षकांनी त्यातला एकटेपणा काढून टाकला, उरला तो टवाळीचा म्हातारा. शेक्सपिअरच्या माल्व्होलिओचेही इंग्रजी रंगभूमीवर बराच काळ असेच होत होते, पण तिकडच्या नटांनी पुढे त्याचा अपमान शोधून काढला. भुजंगनाथ अजून वाट पाहतो आहे.

गद्यात हे काम सोपे गेले. पु. ल. देशपांडे यांचा रत्नागिरीचा अंतू बर्वा दारिद्र्यावर, म्हातारपणावर, स्वतःच्या अंधारावर खवचट बोलत राहतो, आणि वाचक हसत असतानाच त्या बोलण्याखालची पोकळी उघडी पडते. पण पुलंनी तो व्यक्तिचित्रात ठेवला, नाटकाच्या मध्यभागी आणला नाही.

मध्यभागी कोण आले, हे पाहिले की गंमत वाटते. 1970 चा 'नटसम्राट', अप्पा बेलवलकर : म्हातारा नट. 1979 चा 'बेगम बर्वे' : म्हातारा नट. दिलीप प्रभावळकरांच्या 'हसवाफसवी'त सर्वांत लक्षात राहतात ते कृष्णराव हेरंबकर : पुन्हा म्हातारा नट. हास्यास्पद आणि करुण एकाच देहात शोधायला निघालेल्या मराठी रंगभूमीला तो माणूस आपल्याच मेकअपच्या खोलीत सापडला. यात नवल नाही. ज्याचे पोशाख गेले, पण लकबी उरल्या, त्याच्याइतका एकाच वेळी हसवणारा आणि हलवणारा दुसरा कोण? फक्त बेलवलकरांच्या बाबतीत 'नटसम्राट'कार शिरवाडकरांनी हात आखडता घेतला. धागा शेक्सपिअरच्या राजा लिअरचा घेतला, पण लिअरच्या मागे सावलीसारखा फिरणारा आणि राजालाच मूर्ख म्हणणारा विदूषक त्यांनी सोबत आणला नाही. परिणामी बेलवलकरांना कोणी हसत नाही. ते भव्य झाले, आणि भव्यतेच्या वाटेवर थोडे सोपेही.

हा संकोच सतीश आळेकरांना नव्हता. पुण्याच्या थिएटर अकॅडमीच्या 'महानिर्वाण'मध्ये (1974) चाळीतले कीर्तनकार भाऊराव मरतात आणि मेल्यावर स्वतःच्या मरणाचे कीर्तन लावतात. त्यांचा एकच हट्ट, दहन जुन्या स्मशानातच व्हावे. मुलगा नाना त्यासाठी धावाधाव करतो, चाळकरी ताटी बांधायच्या शास्त्रात गुंततात, विधवेच्या मनात भलताच पुरुष डोकावू लागतो. इथे विदूषक, नायक आणि प्रेत ही तिन्ही पात्रे एकच माणूस करतो. कीर्तनाचा परिचित ठेका प्रेक्षकाला बेसावध ठेवतो, टाळी देता देता तो मर्तिकाला टाळी देत असतो.

आळेकरांचेच 'बेगम बर्वे' त्याहून क्रूर आणि त्याहून कोवळे. संगीत नाटकाच्या काळात बारीकसारीक स्त्रीभूमिका केलेला बर्वे आता उदबत्त्या विकतो आणि श्यामरावाची दहशत सोसतो. जावडेकर आणि बावडेकर हे दोन कारकून त्याचे गिऱ्हाईक. जावडेकरच्या दिवास्वप्नातल्या नलवडेबाईंची जागा बर्वे घेतो : लग्न लागते, दिवस जातात, डोहाळे पुरवले जातात, आणि जुनी नाट्यपदे या सगळ्याला सूर देतात. मग श्यामराव येतो आणि लुगडे फेडले जाते. हा प्रवेश पाहताना कुठवर हसावे ते कोणी सांगत नाही. चंद्रकांत काळे यांनी तो बर्वे असा केला, की नक्कल आणि श्रद्धा यांतला सांधा दिसत नसे. 1919 मध्ये बालगंधर्वांनी 'एकच प्याला'त सुधाकरची बायको सिंधू केली ती सिंधूच मानली गेली. साठ वर्षांनी त्याच परंपरेतला एक हरलेला माणूस बाई होऊ पाहतो आणि मार खातो. मराठी रंगभूमीने स्वतःकडे इतक्या निष्ठुर प्रेमाने क्वचितच पाहिले असेल.

त्यानंतरची वाट मात्र रोडावली. आजच्या दोन अंकी व्यावसायिक नाटकात बहुधा पहिला अंक हसवायचा आणि दुसरा रडवायचा असतो. मध्ये वडा खाण्यापुरते मध्यंतर, म्हणजे दोन्ही रसांची गाठ पडू नये याची चोख व्यवस्था. गंभीर वाक्य आले की पार्श्वसंगीत सरसावते आणि आता हसू नका अशी सूचना देते. ही जुनी विदूषकी वाटणीच आहे, फक्त माणसांऐवजी अंकांत केलेली. विनोदी नटांची इथे कधीच टंचाई नव्हती. पिकलेल्या हशात तीन सेकंद गप्प उभे राहण्याची हिंमत मात्र लेखकाने लिहून द्यावी लागते आणि दिग्दर्शकाने राखावी लागते.

म्हणून 'एकच प्याला' पुन्हा करायला घेणाऱ्या दिग्दर्शकाला एक विनंती. तळीरामाचे काम सुधाकर पेलू शकेल अशा नटाला द्या, आणि त्या आजारपणाच्या प्रवेशातली एकही ओळ कापू नका.