टिळकांचा ध्रुवप्रदेश : आकाश आणि जमीन

१९१६ साली बेळगावात होमरूल लीग स्थापन करणारे टिळक आमच्या भागात घरोघरी भिंतीवर आहेत. ध्रुवप्रदेशाची कल्पनायात्रा करणारे टिळक मात्र कपाटातच राहिले. ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ (१९०३) हे नाव पुष्कळांना पाठ असते, ग्रंथ वाचलेला माणूस विरळा. भक्त म्हणतात, टिळकांनी सिद्ध केले. टीकाकार म्हणतात, ते केव्हाच खोडले गेले. पाने उलटण्याची गरज दोघांनाही भासत नाही.

सिद्धान्त म्हणून तो आज टिकत नाही, हे आधीच सांगून टाकू. इ. स. पूर्व १०००० ते ८०००च्या सुमारास हिमप्रलयाने आर्यांचे ध्रुवीय घर मोडले, असा टिळकांचा हिशेब. आजचे भूशास्त्र सांगते की त्या सुमारास बर्फ ओसरत होते. त्याचा कळस सुमारे २०००० वर्षांपूर्वीच होऊन गेला होता. त्याआधीचा उबदार काळ गाठायचा तर सव्वा लाख वर्षे मागे जावे लागते. शिवाय प्रत्यक्ष ध्रुवावर घर बांधायला जमीनच नाही, खोल समुद्र आहे.

असो. आम्हाला हा ग्रंथ वाचावासा वाटतो तो वेगळ्या कारणासाठी. त्याचे बीज कारावासातले. १८९७च्या शिक्षेत असताना मॅक्सम्युल्लरने आपल्या ऋग्वेदाची प्रत टिळकांना पाठवली, आणि रात्री काही तास वाचायला दिवा मिळाला. प्रस्तावनेत टिळकांनी हे कसलाही गहिवर न काढता नोंदवले आहे. मोजून मिळालेल्या उजेडात बसलेला हा वाचक ऋग्वेदात काय शोधतो? न संपणारी रात्र आणि लांबलेली पहाट!

उषेवरचे प्रकरण हा या ग्रंथाचा प्राण होय. आपली पहाट घटका-दोन घटकांची. मग पहिल्या उजेडापासून सूर्योदयापर्यंत अनेक दिवस गेले असे ऋषी का म्हणतो? तैत्तिरीय संहितेत उषा तीस बहिणी का होतात? भाष्यकार अशा ठिकाणी अर्थ वाकवून पुढे सरकतात. टिळक शब्दाला धरून बसतात. ध्रुवाजवळ पहाट क्षितिजावरून कुंभाराच्या चाकासारखी फिरत राहते, हे ते असे मांडतात की वाचकही मान फिरवून पाहू लागतो. शब्दावर इतका विश्वास ठेवणारा वाचक दुर्मीळ. निष्कर्ष चुकला तरी वाचनाची ही रीत चुकत नाही.

उणीव निराळीच आहे. या यात्रेत पाय जमिनीला लागत नाहीत. तेव्हा हवा सौम्य होती, एवढे भूगर्भशास्त्राच्या आधारे सांगून टिळक पुन्हा वर पाहू लागतात. आजचा टुंड्रा त्यांच्या सौम्य प्रदेशाहून वेगळा, हे मान्य. पण पायांखाली कायमची गोठलेली माती, उन्हाळ्यात वरचा थर विरघळून मुरायला जागा न मिळाल्याने साचलेले पाणी, त्यावर डासांचे ढग, शेवाळ, दगडफूल, घोट्याएवढी वाढणारी विलो, आणि रेनडियरच्या कळपामागे तंबू हलवत जाणारे यामलचे नेनेत्स लोक, यांच्याकडे पाहिले की कळते, तिथे राहणाऱ्याच्या बोलण्यात माती आल्यावाचून राहणार नाही. टिळकांच्या आर्यांच्या पायांना चिखल लागत नाही. ते काय खातात, कशावर निजतात, हे आपल्याला दिसतच नाही. ते फक्त सूर्याची वाट पाहतात.

एका जागी मात्र जमीन डोकावते, आणि तीही वेदातून नव्हे तर पारशांच्या वेंदिदादमधून. तिथल्या आद्यभूमीत दहा महिने हिवाळा आणि दोन महिने उन्हाळा; त्या थंडीत पाणी, माती, झाडे सगळे गारठलेले. साऱ्या ग्रंथात एवढी थंडी वाचकाच्या अंगाला कुठेच लागत नाही.

टिळक तिथेही महिने मोजतात आणि पुढे जातात.