शोक, श्लोक आणि टीकाकार

आपलें दुःख छापून परक्यांच्या हातीं देणाऱ्या कवीला दोन प्रकारचे वाचक भेटतात. एक म्हणतो, दुःख खरें आहे, मग कवितेचे दोष कशाला काढावयाचे? दुसरा म्हणतो, कविता कच्ची आहे, मग त्या रडगाण्याची थट्टा कां करूं नये? हे दोघे परस्परांचे वैरी दिसतात. परंतु दोघांची चूक एकच आहे. परीक्षा करावयाची कवितेची. ते निकाल देतात तो कवीच्या दुःखाचा.

या दृष्टीनें टेनिसनचें उदाहरण मननीय आहे. १८३२ सालच्या अखेरीस त्याचा काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला, तेव्हां तो अवघा २३ वर्षांचा होता. पुढील एप्रिलांत 'क्वार्टर्ली रिव्ह्यू' या त्रैमासिकांत जॉन विल्सन क्रोकरनें त्याचा समाचार घेतला. १८१८ सालीं कीट्सच्या 'एंडिमियन'वर तुटून पडलेला, आणि चार सर्गांपैकीं पहिल्याच्या पुढें आपल्याच्यानें वाचवलें नाहीं असें त्याच लेखांत सांगणारा क्रोकर तो हाच. टेनिसनकरितां त्यानें उपरोधिक स्तुतीचें शस्त्र निवडलें. कवीच्या ओळी उतरून घ्यावयाच्या, त्यांना वाहवा म्हणावयाचें, आणि वाचकाला हंसूं आवरणार नाहीं अशी व्यवस्था करावयाची! त्याच वर्षीं १५ सप्टेंबर रोजीं टेनिसनचा जिवलग मित्र आणि बहिणीचा वाग्दत्त वर आर्थर हॅलम हा व्हिएन्ना येथें वयाच्या २२ व्या वर्षीं अकस्मात् वारला. यानंतर १८४२ पर्यंत टेनिसननें नवा संग्रह काढला नाहीं.

हें मौन केवळ क्रोकरच्या लेखाचें फळ होतें असें म्हणणें धाडसाचें होईल. मात्र तें मौन रिकामें खास नव्हतें. या काळांत कवीनें जुन्या कविता पुनः हातीं घेतल्या. आपल्या लहानशा खोलीवर लिहिलेली जी कविता क्रोकरच्या हास्याचा विषय झाली होती, ती त्यानें पुनः कधींच छापली नाहीं. 'द लेडी ऑफ शॅलॉट' मात्र बारकाईनें सुधारून तिला आजचें रूप दिलें. टीकाकाराचा हेतु कसाहि असो, त्याच्या बोलण्यांतील खरा अंश वेंचून घेण्याइतकें धैर्य या तरुणापाशीं होतें.

याच काळांत हॅलमवरील शोकगीतेंहि एकेक करून लिहिलीं जात होतीं. तीं प्रसिद्ध करण्याचा आरंभीं विचारहि नव्हता. १८५० सालीं त्यांच्या थोड्या प्रती प्रथम मित्रांकरितां छापल्या गेल्या, आणि मग 'इन मेमोरियम' हें काव्य लोकांपुढें आलें तें कर्त्याच्या नांवाशिवाय! कर्ता कोण हें फार दिवस लपलें नाहीं. तरी त्या निनावीपणांत मोठा अर्थ आहे. नांव नाहीं, म्हणून कींव करावयास कवि समोर नाहीं आणि टवाळी करावयासहि नाहीं. समोर आहे ती केवळ कविता. पुढें १८६१ सालीं पति वारल्यावर व्हिक्टोरिया राणीला याच काव्यानें धीर दिला. एकाच्या मित्रशोकांत दुसरीला आपलें वैधव्य बोलतें झालेलें दिसलें.

आमच्या साहित्यशास्त्रानें यालाच साधारणीकरण म्हटलें आहे. वाल्मीकीचा शोक श्लोक झाला, या आनंदवर्धनाच्या विवेचनावर अभिनवगुप्तानें मार्मिक खुलासा केला आहे, तो असा कीं, हा शोक मुनीचा खासगी शोक समजूं नये. स्वतः दुःखानें व्याकुळ झालेल्याच्या हातून काव्य घडत नाहीं. याचा अर्थ स्वतःच्या दुःखावर लिहूंच नये असा नव्हे. टेनिसनचा शोक त्याचा स्वतःचाच होता. परंतु तो सर्वांचा होण्यास १७ वर्षें लागलीं.

म्हणून आईच्या मृत्यूवर चार कडवीं लिहून तीं अपरिचितांपुढें ठेवणाऱ्या तरुणाला अश्रूंच्या जोरावर स्तुति मागतां येणार नाहीं. परंतु टीकाकारानेंहि हात घालावा तो शब्दाला, वृत्ताला, उसन्या प्रतिमेला. त्या अश्रूंना नव्हे. कडवें सैल आहे असें सांगितल्यानें कवि सुधारतो. तुझें रडणें हास्यास्पद आहे असें सांगितल्यानें तो केवळ गप्प बसतो, आणि त्यांत वाङ्मयाचा कांहींच लाभ नाहीं.

करुण रसाचा स्वामी भवभूति यालाहि अवहेलना चुकली नव्हती. 'मालतीमाधवा'च्या प्रस्तावनेंत त्यानें निंदकांना बजावलें कीं, काळाला अंत नाहीं आणि पृथ्वी विशाल आहे. माझा समानधर्मा कधीं तरी, कोठें तरी उपजेल. या वचनाचा आसरा प्रत्येक दुखावलेला कवि घेतो, आणि खुशाल घ्यावा. मात्र तो समानधर्मा दारीं येईल तेव्हां त्याच्या हातीं देण्याजोगी कविता आपल्यापाशीं असली पाहिजे, एवढें त्यानें विसरूं नये.