अँफोटेरिसिन बी : एक नाव, अनेक औषधे

औषधाची सुरक्षितता हा त्याच्या रेणूचाच गुणधर्म आहे, असे गृहीत धरून लिहिण्याची प्रथा वैद्यकीय वाङ्मयात दीर्घकाळ रूढ आहे. अँफोटेरिसिन बी या बुरशीनाशकाच्या बाबतीत हे गृहीत टिकत नाही. येथे रेणू एकच. परंतु तो ज्या स्वरूपात शिरेत सोडला जातो त्यावरून त्याची मात्रा, त्याचा अपाय, किंबहुना रोग्याचे जगणे-मरणे ठरते. असे असूनही रोग्याच्या टिपणात, पाठ्यग्रंथात आणि वृत्तपत्रात ‘अँफोटेरिसिन’ एवढेच लिहून लेखणी पुढे सरकते. हा दोष केवळ भाषेचा म्हणून सोडून देण्याजोगा नाही.

व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीच्या परिसरातील मातीत सापडलेल्या एका स्ट्रेप्टोमायसिसपासून 1955 च्या सुमारास हे द्रव्य अमेरिकेतील स्क्विब संस्थेत वेगळे करण्यात आले. आम्ल आणि अल्कली या दोहोंशी संयोग पावण्याच्या त्याच्या गुणावरून त्याचे नाव पडले. (याच पॉलिईन कुळातील हामायसीन पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्समध्ये सापडले आणि ते निर्माण करणाऱ्या जीवाणूला ‘पिंप्रिना’ हे जातिनाम मिळाले. नावात स्थान सांगणे सोपे, स्वरूप सांगणे अवघड, असेच दिसते.) बुरशीच्या पेशीपटलातील अर्गोस्टेरॉलला हे द्रव्य पकडते. मानवी पेशीपटलात त्याच्या जागी कोलेस्टेरॉल असते. दोन्ही स्टेरॉल एकमेकांचे जवळचे आप्त असल्याने औषधाची निवड संपूर्ण होत नाही, आणि त्याच्या विषारीपणाचे मूळ पुष्कळसे येथेच आहे.

हे द्रव्य पाण्यात विरघळत नाही. म्हणून डिऑक्सिकोलेट या पित्तक्षारासह त्याचे मिश्रण तयार करण्यात आले. हेच जुने, रूढ स्वरूप होय. ते पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्येच द्यावे लागते, कारण सलाइनमध्ये त्याचा साका बसतो. मात्र मूत्रपिंडाच्या रक्षणासाठी त्याच रोग्याला आधी स्वतंत्रपणे सलाइन द्यावे लागते. ताप, हुडहुडी, मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्यांचे आकुंचन, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम यांचा ऱ्हास हे त्याचे परिचित उपद्रव. या उपद्रवांवरून इंग्रजी भाषिक वैद्यांनी त्याच्या नावावर ‘भयंकर’ या अर्थाची कोटी केली आणि ती पिढ्यान्‌पिढ्या चालली. कोटी चतुर खरी. परंतु सलाइन, रक्तातील क्षारांची नित्य तपासणी आणि मंद गती यांनी जे पुष्कळ अंशी आवरता येते, ते तिने अटळ भासविले.

पुढे औषध मेदद्रव्याच्या सूक्ष्म गोलकांत, म्हणजे लिपोसोमांत बसविण्यात आले. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 687 रोग्यांच्या तुलनात्मक अभ्यासात दोन्ही स्वरूपांचे यश जवळजवळ समान, 50 आणि 49 टक्के, आढळले. मूत्रपिंडाचा अपाय मात्र लिपोसोमच्या गटात 19 टक्के, तर जुन्या स्वरूपाच्या गटात 34 टक्के होता. या आकड्यांवरून लिपोसोमला ‘सुरक्षित’ म्हणण्याचा प्रघात पडला. तो अर्धाच खरा आहे. एकोणीस टक्के म्हणजे शून्य नव्हे. आणि 2007 च्या अभ्यासात प्रतिकिलो 3 मिलिग्रॅमऐवजी 10 मिलिग्रॅम देऊनही गुण अधिक आला नाही, मूत्रपिंडाचा अपाय तेवढा वाढला.

परंतु खरे संकट निराळेच आहे. जुन्या स्वरूपाची दैनिक मात्रा प्रतिकिलो 1.5 मिलिग्रॅमच्या पुढे जाता कामा नये. गेल्यास हृदयक्रिया बंद पडू शकते. म्युकरमायकोसिसमध्ये लिपोसोम स्वरूप प्रतिकिलो 5 मिलिग्रॅम देतात. साठ किलो वजनाच्या रोग्यास हे 300 मिलिग्रॅम, म्हणजे पन्नासाच्या सहा कुप्या. जुन्या औषधाची कुपीही पन्नासाचीच असते. उलट घोटाळा झाला तर लिपोसोम अपुऱ्या मात्रेत जाते आणि बुरशी वाढत राहते. हे भय काल्पनिक नाही. ब्रिटनमध्ये अशा घोटाळ्यातून मृत्यू घडल्यावर 2007 मध्ये राष्ट्रीय स्तरावर इशारा देण्यात आला, आणि 2020 मध्ये युरोपात व्यापारी नावालाच ‘लिपोसोमल’ हे पद जोडण्याचा निर्णय झाला.

महाराष्ट्राला या प्रश्नाची झळ 2021 मध्ये लागली. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसचे रोगी वाढले, लिपोसोमचा तुटवडा पडला आणि जुने स्वरूप पुन्हा वापरात आले. त्याच वर्षी मे महिन्यात वर्धा येथे अँफोटेरिसिनच्या इमल्शनचे उत्पादन सुरू झाले. हे इमल्शन लिपोसोमही नव्हे आणि पित्तक्षाराचे मिश्रणही नव्हे. त्या काळातील मराठी वृत्तलेखनात मात्र या तिन्हींसाठी ‘काळ्या बुरशीचे इंजेक्शन’ हा एकच शब्दप्रयोग सर्रास झाला. त्यात दुहेरी चूक होती. ही बुरशी काळी नसते. काळे पडते ते रक्तपुरवठा तुटून मृत झालेले ऊतक.

वृत्तपत्राच्या घाईला क्षमा करता येईल. शास्त्रीय भाषांतराला ती सवलत नाही. एड्सग्रस्तांतील क्रिप्टोकॉकसजन्य मस्तिष्कावरणदाहासाठी जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात लिपोसोम स्वरूपाची प्रतिकिलो 10 मिलिग्रॅमची एकच मात्रा, इतर दोन औषधांच्या जोडीने, प्रथम पसंतीची मानली आहे. ते उपलब्ध नसल्यास जुने स्वरूप प्रतिकिलो 1 मिलिग्रॅम याप्रमाणे सात दिवस, फ्लुसायटोसिनसह, द्यावयाचे आहे. या दोन सूचनांतील अंतर दसपटीचे आहे, आणि ते तोलून धरणारे विशेषण एकच. मराठीत उतरविताना ‘लिपोसोमल’ हा बोजड तांत्रिक शब्द म्हणून गाळला जाण्याचा मोह साहजिक आहे. परिभाषा सुबोध करण्याच्या आग्रहात या एका शब्दाला मात्र हात लावता येत नाही.