एक नंबरच्या कुस्तीचं काय झालं?

आटपाडी, खरसुंडी, विटा या पट्ट्यात जत्रा म्हटली की कुस्त्यांचं मैदान आलंच. दुपारपासून हलगी कडाडते, लहान पोरांच्या चटकदार कुस्त्या होतात, पण गर्दी खिळून राहते ती एक नंबरच्या जोडीसाठी. सगळ्यात मोठं इनाम तिचंच. अलीकडे निराशाही तिथंच पदरी पडते. शंभर-सव्वाशे किलोचे दोन मल्ल मानेवर थापा टाकत राहतात, खडाखडी संपता संपत नाही आणि अंधार पडला की कुस्ती बरोबरीत सुटते.

ताकदीची वाण नाही. वाण आहे ती डावाची.

याच सांगली जिल्ह्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर आणि कवठेपिरानचे मारुती माने 1962 साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेला गेले. दोघांनीही एकेक सुवर्ण आणि एकेक रौप्य आणलं, तेही फ्रीस्टाइल आणि ग्रीको-रोमन या दोन्ही प्रकारांत. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली हात लावता येत नाही, म्हणजे पट काढणं बंद. लाल मातीत वाढलेल्या या अवजड मल्लांनी ते बंधनही पचवलं.

आजच्या मल्लाची खरी अडचण खाली गेल्यावर दिसते. मातीत घिस्सा मारताना किंवा घुटना ठेवताना हाताची पकड लांगेवर असते. तिच्याच आधारानं एवढं मोठं धूड उलटं करता येतं. गादीवरच्या (मॅटवरच्या) कुस्तीत मात्र पोशाख धरायला मनाई. पकड गेली की अर्धा डाव गेला, आणि त्या जागी दुसरं काही शिकलेलं नसलं तर मल्ल पाठीवर नुसता बसून राहतो. प्रेक्षक ओरडतात ते उगाच नाही.

डावाची हीच वाण उभ्या कुस्तीतही दिसते. अमेरिकेचा डॅनियल कॉर्मियर 2004 च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये कुस्तीत चौथा आला होता. 2018 मध्ये तो मिश्र युद्धकलेत यूएफसीचा हेवीवेट विजेता झाला. निर्णायक ठोसा त्यानं मारला तो मिठीतून सुटता सुटता. हात गुंतवणं ही त्याच्यासाठी दम खायची जागा नव्हती, वाराची तयारी होती. आपल्या खडाखडीत नेमकं हेच हरवलंय.

सगळंच हरवलंय असं मात्र नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये फुलगावला महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत सिकंदर शेखनं शिवराज राक्षेला झोळी डावावर अवघ्या 22 सेकंदांत चितपट केलं. मान आणि पाय एकत्र बांधून एवढा ताकदवान गडी गुंडाळणं हे निव्वळ बळाचं काम नव्हे. त्याला वेळ साधावी लागते. त्याच वर्षी जानेवारीत पुण्यात सिकंदर आणि महेंद्र गायकवाड यांच्या लढतीतल्या बाहेरच्या टांगेच्या गुणांवरून केवढा गदारोळ उठला होता! फुलगावात पंचांकडे बघायची वेळच आली नाही.

आणखी एक गोष्ट जत्रा कमिट्यांनी मनावर घ्यावी. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 मध्ये हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कांस्य जिंकले ते 57 किलो गटात. बीडचा राहुल आवारे 2019 मध्ये जागतिक कांस्य मिळवता झाला 61 किलोत. महाराष्ट्राची ही मोठी पदकं हलक्या गटांनी आणली, तरी मैदानातला पैसा वजनामागेच धावतो. एक नंबरचं पूर्ण इनाम निकाली कुस्तीलाच द्यावं, आणि बरोबरी झाली तर त्यातला निम्मा वाटा दुपारी चटकन कुस्त्या मारणाऱ्या हलक्या मल्लांकडे वळवावा. एवढं एखाद्या कमिटीनं एक वर्ष करून बघावं.