लांडगा म्हणजे मोठा घोडा?

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात ओमाहा ही आदिवासी जमात राहते. पोंका जमातीचे लोक काही तेथे, तर काही दक्षिणेला ओक्लाहोमात आहेत. दोघांची भाषा जवळजवळ एकच, म्हणून तिला ओमाहा-पोंका म्हणतात. लहानपणापासून ही भाषा बोलत आलेली माणसे आता फारच थोडी उरली आहेत. मुले ती शिकतात ती शाळेत, पुस्तकावरून. शब्दाचा अर्थ पुस्तकात चुकला तर तो सुधारायला बहुतेक घरांत आजी नाही. म्हणूनच या भाषेच्या शब्दसंग्रहांची चिकित्सा जरा कडकपणे करायला हवी असे आम्हाला वाटते.

या भाषेत घोड्याला शोंगे म्हणतात. तोंगा म्हणजे मोठा. शोंतोंगा म्हणजे मग काय? यादीत उत्तर मिळते: लांडगा. शोंगे म्हणजे घोडा एवढेच पाठ केलेल्या मुलाला लांडगा हा मोठा घोडा वाटला तर त्याचा काय दोष? खरा उलगडा इतिहासात आहे. शोंगे हा मुळात कुत्र्याचा शब्द. लाकोटा या नात्यातल्या भाषेत आजही शुंका म्हणजे कुत्राच. युरोपीय लोकांबरोबर अमेरिकेत आलेले घोडे पुढे या मैदानी प्रदेशात पोचले. ओझे ओढण्याचे कुत्र्याचे काम घोड्याने घेतले आणि कामाबरोबर नावही घेतले. कुत्र्याला शिनुदा हा निराळा शब्द चालू लागला. लांडगा मात्र जुन्या अर्थाने 'मोठा कुत्रा'च राहिला. दोन शब्दांत केवढा इतिहास साठला आहे! 'शब्द आणि त्यापुढे अर्थ' अशी दोन रकान्यांची यादी नेमका तोच गाळते.

नात्यांच्या शब्दांत तर घोटाळा आणखी मोठा. इनेगी या शब्दापुढे इंग्रजीत 'अंकल' लिहिलेले असते. इंग्रजीचा अंकल काका, मामा, आत्याचा नवरा, मावशीचा नवरा, कोणालाही चालतो. इनेगी म्हणजे आईचा भाऊ. मराठी वाचक म्हणेल, हा तर आपला मामा! पण थांबा. ओमाहा माणूस मामाच्या मुलालाही इनेगीच म्हणतो, आणि मामाच्या मुलीला 'आई'. वडिलांचा भाऊ 'वडील' आणि आईची बहीण 'आई' असतेच. उलट बाजूने, पुरुषाच्या आत्याचा मुलगा त्याचा भाचा. म्हणजे चार वर्षांचा पोरगा दाढीमिशा पांढऱ्या झालेल्या माणसाचा मामा असू शकतो! हा गोंधळ नव्हे, काटेकोर हिशेब आहे. ओमाहांची कुळे वडिलांकडून चालतात. आईच्या कुळातले पुरुष, मग तो मामा असो की मामाचा मुलगा, 'आईच्या माहेरचे पुरुष' या एकाच खणात बसतात. महाराष्ट्रात कित्येक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न रीतसर मानले जाते. येथे तीच मुलगी 'आई' असल्यामुळे तो विचारही निघत नाही. जेम्स ओवेन डॉर्सी यांनी 1884 मध्ये ही व्यवस्था तपशिलाने मांडली. पुढे जगभर जिथे जिथे अशी पद्धत आढळली तिला मानवशास्त्रात 'ओमाहा पद्धत' हे नाव पडले. अशा शब्दापुढे 'अंकल' लिहून मोकळे होणे हा निव्वळ आळस आहे.

डॉर्सी 1871 मध्ये पोंकांकडे मिशनरी म्हणून गेले आणि भाषेचे अभ्यासक झाले. 1890 मध्ये त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. त्यात कथा आहेत, लोकांनी आपल्या माणसांना सांगून लिहवलेली पत्रे आहेत, आणि प्रत्येक ओळीखाली शब्दशः अर्थ दिला आहे. हा खालचा अर्थ हेच ग्रंथाचे मोठेपण. इंग्रजीतल्या एका 'द' या उपपदाच्या जागी या भाषेत अनेक उपपदे आहेत. आडव्या, लांबट वस्तूला खे. उभ्या वस्तूला थे. गोल वस्तूला दों. इकडेतिकडे विखुरलेल्या वस्तूंना गे. सजीवांसाठी बसलेला, उभा, चालता अशी आणखी वेगळी. मेलेल्या जनावराला मात्र खे लागतो, कारण ते आडवे पडलेले असते. ते मेले आहे हे उपपदच सांगून जाते. डॉर्सी अशा शब्दाखाली 'लांब वस्तू', 'गोल वस्तू' अशा अर्थाच्या खुणा जपून करतात. पण त्यांचेच सलग इंग्रजी भाषांतर वाचावे तर त्या सगळ्यांचे एकच 'द' झालेले! वाचकाने भाषांतर सोडून ओळींच्या मधली ही बारीक अक्षरे वाचावीत.

ग्रंथाची लिपी मात्र वैताग आणते. या भाषेत ग, क, ख वेगळे आहेत, शिवाय गळ्यात हवा अडवून फोडलेले काही ध्वनी आहेत. रोमन लिपीत एवढी सोय कुठली? डॉर्सी यांनी काही अक्षरे चक्क उलटी छापली. (क-ख गिरवलेल्या मुलाला यातला अर्धा भेद पहिल्याच तासाला कळेल.) अ‍ॅलिस फ्लेचर आणि स्वतः ओमाहा असलेले फ्रान्सिस ला फ्लेश यांचा 1911 चा ग्रंथ वाचायला पुष्कळ सोपा आहे आणि चालीरीतींसाठी अजोड आहे. भाषा शिकायची तर आम्ही तरीही उलट्या अक्षरांचा ग्रंथच पुढे ओढू, कारण त्यात शब्द वाक्यात बसलेला सापडतो.

डॉर्सी 1895 मध्ये वारले. शब्दकोशासाठी केलेल्या त्यांच्या चिठ्ठ्या छापायच्या राहिल्या. या शतकात नेब्रास्का विद्यापीठाने त्यांवरून संगणकावरील कोश करण्याचे काम हाती घेतले. 2018 मध्ये ओमाहांच्या शाळेतील भाषाकेंद्र आणि हेच विद्यापीठ यांनी मिळून एक पाठ्यपुस्तक काढले. त्याच्या ओमाहा नावात 'भाषा' आणि 'रीत' या दोन्ही शब्दांना थे हे उपपद जोडलेले आहे. मुलाने मुखपृष्ठावरच विचारावे, की भाषा उभी कशी असते?