‘व्यत्यय’ आणि ‘कार्यक्षमता’ : एका पारिभाषिक गोंधळाची चिकित्सा

संगणकाच्या कालव्यत्ययांची वारंवारता वाढविली की त्याची कार्यक्षमता वाढते, असा समज अभ्यासकांत आढळतो. त्याचे मूळ तंत्रापेक्षा परिभाषेत अधिक आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. यंत्रातील घड्याळ ठराविक अंतराने प्रोसेसरला थांबविते. तो हातचे काम राखून ठेवतो, काळाची नोंद करतो, चालू कामाची पाळी संपली काय हे पाहतो आणि मग पुढे जातो. लिनक्स प्रणालीत इंटेल-वर्गीय यंत्रांवर हे ठोके पूर्वी सेकंदाला १०० असत. २००३ च्या २.६ आवृत्तीत ते १००० झाले. २००५ मध्ये २५० हा मध्यम आकडा स्वीकारला गेला. ही ये-जा लहरीची नव्हे. १००० ठोक्यांमुळे पाळी १० ऐवजी १ मिलिसेकंदाने बदलता येते, म्हणून संगीतासारखे वेळेला बांधलेले काम अडखळण्याचा संभव घटतो. उलट, एका ठोक्यास ५ मायक्रोसेकंद लागतात असे मानले, तर दर सेकंदाचा अर्धा टक्का केवळ ठोक्यांत खर्ची पडतो. १०० ठोक्यांत त्याचा दशांशच.

म्हणजे ‘कार्यक्षमता’ या एका शब्दात दोन भिन्न गुण दडले आहेत : उरकलेल्या कामाची निष्पत्ती आणि प्रतिसादाची तत्परता. एक वाढविताना दुसरा घटतो. कोणता गुण, हे न सांगता ‘वाढते’ म्हणणारे विधान अपुरेच राहते.

‘व्यत्यय’ हा शब्दही तितकाच सदोष आहे. वसई परिसरातील ख्रिस्ती गावांत प्रार्थनेची घंटा त्रिकाळ वाजण्याची परंपरा आहे. उमेळ्याच्या वाडीत राबणारा तिला व्यत्यय म्हणणार नाही. तिच्यावरच त्याचा दिवस बेतलेला असतो. मात्र ती घटकेघटकेला वाजू लागली, तर शिंपणे अर्धेच राहील. ठोक्यावाचून प्रणालीचा कामांवरील ताबा सुटतो. ठोक्यांच्या अतिरेकाने कामच खुंटते.

२००७ च्या २.६.२१ आवृत्तीपासून रिकाम्या प्रोसेसरचे ठोके थांबविण्याची सोय झाली, आणि सूक्ष्म कालमापनही ठोक्यांवर अवलंबून राहिले नाही. तेव्हा ‘किती ठोके?’ या प्रश्नाची जागा ‘ठोका कोणासाठी?’ या प्रश्नाने घेतली आहे. आपल्या परिभाषेने ‘ठोका’, ‘निष्पत्ती’ आणि ‘तत्परता’ हे शब्द वेगळे राखले, तर हा प्रश्न विद्यार्थ्यास निदान नीट विचारता येईल.